प्रयोगशाळेतील प्राणी आणि दप्तरदाराचे शिक्षण

(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला असताना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली. ती आधी सशांना टोचण्यात आली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था हे त्याच प्रयोगशाळेचे पुढचे रूप होय. हा इतिहास सांगताना हाफकिन यांच्या धैर्याचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. परंतु त्या कामी ससे किती लागले, त्यांना कोठे ठेवले होते, त्यांतील किती क्लेश पावून मेले, कमी सशांत तेच काम झाले असते काय, हे प्रश्न कायद्याने विचारणारे त्या काळी भारतात कोणी नव्हते.

आज ते प्रश्न विचारले जातात. प्राण्यांवर प्रयोग करू इच्छिणाऱ्या शास्त्रज्ञाला लेखी अर्ज करावा लागतो, तो अर्ज समितीपुढे जातो, समिती संमती देते, दुरुस्ती सुचवते किंवा नकार देते. प्रयोग चालू असता प्राणिगृहाची पाहणी होते आणि नोंदवह्या तपासल्या जातात. या साऱ्या व्यवहाराच्या मध्यभागी एक माणूस असतो. अमेरिकेत त्याला समितीचा प्रशासक म्हणतात, भारतात हे काम समितीचा सदस्य-सचिव आणि त्याचे कार्यालय यांच्याकडे असते. मराठी राज्यकारभारात दप्तरदार नावाचा अधिकारी असे. राज्य तो करीत नसे, पण कोणाला कोणती सनद कोणत्या शर्तीवर दिली, ती शर्त पाळली गेली की नाही, याचा निवाडा अखेर त्याच्या दप्तरावरून होई. प्रयोगशाळेतील या अधिकाऱ्याचे काम त्याच जातीचे आहे. त्याचे शिक्षण कसे व्हावे, आणि ते न झाल्यास कोणाचे काय बिघडते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या कायद्याची परंपरा पाहू गेल्यास ती इंग्लंडपासून सुरू होते. तेथे १८७६ साली प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवाना आवश्यक करणारा कायदा झाला, आणि तो एकशेदहा वर्षे टिकला. १९८६ साली त्याच्या जागी नवा व अधिक काटेकोर कायदा आला. अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. १९६५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका शेतकरी कुटुंबाची ‘पेपर’ नावाची ठिपकेदार कुत्री नाहीशी झाली. शोध घेता घेता कळले, की कुत्र्यांचा व्यापार करणाऱ्यांच्या हातांतून ती न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पोचली आणि तेथे प्रयोगात मरण पावली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांकडील कोंडवाड्यांची छायाचित्रे छापली. देशभर संताप उसळला, आणि ऑगस्ट १९६६ मध्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने अमलात आला. १९८१ साली मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील माकडांची दुरवस्था उघडकीस आली. तेव्हापासून वाढत गेलेल्या लोकमताच्या दडपणाखाली १९८५ साली कायदा पुन्हा कडक झाला, आणि संस्थेसंस्थेतून देखरेख समिती असणे बंधनकारक झाले. त्या समितीत पशुवैद्य हवा, आणि संस्थेशी कसलाही संबंध नसलेला निदान एक मनुष्यही हवा, असा दंडक घालण्यात आला.

भारताचा मार्ग यापूर्वीच आखला गेला होता. नृत्यकलेच्या क्षेत्रात अखिल भारतीय कीर्ती मिळवलेल्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सदस्या असताना त्यांनी प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारे खाजगी विधेयक मांडले. सरकार स्वतः असा कायदा करील, या पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनावरून त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० साली तो कायदा झाला. त्याच दशकात भारतातून हजारो माकडे परदेशी प्रयोगशाळांना रवाना होत होती. प्रवासात त्यांची दुर्दशा झाल्यामुळे १९५५ साली ही निर्यात काही काळ थांबवली गेली, आणि १९७८ साली ती पूर्णपणे बंद झाली. १९६० च्या कायद्याचे चौथे प्रकरण प्रयोगांविषयी आहे. त्याने प्रयोगांना मनाई केली नाही. मात्र मोठ्या प्राण्याऐवजी लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये, शस्त्रक्रिया करताना पुरेशी भूल द्यावी, पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट यांनी शिकवणे साधत असेल तर प्राणी वापरू नये, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये, अशी तत्त्वे त्यात घातली. नियमभंगाचा दंड कमाल दोनशे रुपये ठेवला. रक्कम लहान खरी, पण त्याच कलमात एक मोठी गोष्ट आहे. नियमभंग संस्थेत झाला असेल तर संस्थेचा जबाबदार चालकच दोषी समजला जाईल, असे ते कलम सांगते. प्राणिगृहातील चूक ही नोकराची चूक म्हणून झटकून टाकण्याची वाट तेथे बंद होते.

कायदा झाला तरी त्याला हातपाय फुटण्यास फार काळ लागला. प्राण्यांची पैदास व त्यांवरील प्रयोग यांवर नियंत्रण ठेवणारे सविस्तर नियम १९९८ साली आले, आणि २००१ व २००६ साली त्यांत दुरुस्त्या झाल्या. आता नोंदणी केलेल्या प्रत्येक संस्थेत आठ जणांची प्राणी-नीतिसमिती असते. तीत संस्थेतील जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या शाखांचे आणखी दोन शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, बाहेरच्या संस्थेतील एक शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला पण सामाजिक जाण असलेला एक नागरिक, आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असे सदस्य असतात. प्रतिनिधी हजर नसेल तर बैठक ग्राह्य धरली जात नाही. उंदीर, ससे यांसारख्या लहान प्राण्यांवरील प्रयोगांना ही समितीच संमती देते. कुत्री, माकडे यांसारख्या मोठ्या प्राण्यांचा अर्ज मात्र तिच्या शिफारशीनंतर केंद्रीय समितीकडे पाठवावा लागतो.

रचना इतकी नीटनेटकी असता शिक्षणाची निकड कोठे भासते, असे कोणी विचारील. एक साधे उदाहरण घेतल्यास ती लक्षात येईल. समजा, एका संशोधकाने मधुमेहावरील नव्या औषधाच्या परीक्षेसाठी साठ पांढरे उंदीर मागितले. बारा-बारांचे पाच गट त्याने अर्जात दाखवले. समितीने संमती दिली. दोन महिन्यांनी त्याला वाटले, की औषधाची मात्रा आणखी वाढवून पाहावी. त्याने कार्यालयाला चार ओळींचे पत्र लिहिले आणि आणखी बारा उंदीर घेतले. कार्यालयातील माणसाने पत्रावर आवक क्रमांक घातला आणि ते फाइलीत लावले. वाढलेल्या मात्रेने उंदीर आजारी पडले, त्यांचे वजन झपाट्याने घटले, काही रात्रीतून मेले. सकाळी पिंजरे धुणाऱ्या सेवकाला ते दिसले, त्याने ते उचलून टाकले. पाहणीच्या वेळी समितीच्या कागदावर साठ आकडा होता, खरेदीच्या पावतीवर बहात्तर, आणि मेलेल्या उंदरांची नोंद कोठेच नव्हती.

यात कोणाच्याही मनात क्रौर्य नव्हते. संशोधक उतावळा होता, कार्यालयातील माणूस आज्ञाधारक होता, सेवक नेहमीप्रमाणे आपले काम करीत होता. परंतु बारा प्राण्यांना समितीच्या नजरेआड यातना झाल्या, आणि त्या यातनांतून निघालेला निष्कर्षही विश्वसनीय राहिला नाही. उंदीर औषधाने मेले की अन्य कारणाने, हे सांगता येईना. उद्या ते औषध माणसाला द्यायचे झाले तर त्या सहाव्या गटावर कोण विसंबून राहील? म्हणजे प्राण्याचे हाल झाले, संशोधनाचा पैसा वाया गेला, आणि रोग्याला मिळायचे ज्ञान मिळाले नाही. शिकलेला दप्तरदार असता तर त्याने ते पत्र फाइलीत लावण्यापूर्वी एकच गोष्ट ओळखली असती, ती ही की मात्रा बदलणे आणि प्राणी वाढवणे हा किरकोळ फेरफार नसून तो समितीपुढे नेण्याचा विषय आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक असते. नियमांचे मर्म न कळलेला अधिकारी भीतीपोटी प्रत्येक कागद अडवतो. पिंजऱ्याचा क्रमांक बदलला तरी तो नवा अर्ज मागतो. चांगले संशोधन महिनोन्महिने रखडते, आणि शास्त्रज्ञ समितीला शत्रू मानू लागतात. मग ते सांगायचे ते सांगत नाहीत, आणि लपवाछपवीचा तोटा अखेर प्राण्यालाच भोगावा लागतो. कोणता बदल क्षुल्लक आणि कोणता गंभीर, हा विवेक नियमांचे पुस्तक पाठ करून येत नाही, आणि शिक्षणाची खरी गरज येथेच आहे.

या शिक्षणाचा पहिला भाग अर्थातच कायद्याचा. पण दुसरा भाग विज्ञानाचा असला पाहिजे, आणि येथे पुष्कळांची समजूत चुकते. दप्तरदाराने शास्त्रज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. अर्ज वाचताना कोठे थांबायचे, इतके त्याला कळले पाहिजे. अडीचशे ग्रॅम वजनाच्या उंदराच्या अंगात सुमारे सोळा मिलिलिटर रक्त असते. एका वेळी त्याच्या दशांशाहून अधिक रक्त काढू नये, असा संकेत आहे. म्हणजे फार तर दीड मिलिलिटर. अर्जात दर आठवड्याला तीन मिलिलिटर लिहिले असेल, तर तेथे खूण करून पशुवैद्याला विचारण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी हवे. एका गटात सहाच प्राणी का आणि साठ का नाहीत, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता आला पाहिजे. फार प्राणी घेणे हा जसा अपव्यय आहे, तसाच निष्कर्ष निघू शकणार नाही इतके थोडे प्राणी घेणे हाही अपव्ययच आहे, कारण त्यांचे मरण कोणत्याच कामी येत नाही.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी मानवतापूर्ण प्रयोगपद्धतीच्या तत्त्वांवर एक ग्रंथ लिहिला आणि या विषयाला तीन सूत्रे दिली. प्राण्याऐवजी दुसरे साधन मिळत असेल तर ते घ्यावे, मिळत नसेल तर कमीत कमी प्राणी घ्यावेत, आणि जे घ्यावे लागतील त्यांचे क्लेश कमीत कमी करावेत. पर्याय, काटकसर आणि सौम्यता अशी मराठीत त्यांची नावे ठेवता येतील. जगभरचे नियम या तीन सूत्रांवर उभे आहेत. पण अर्जाच्या छापील नमुन्यात पर्याय शोधले काय, या प्रश्नापुढे केवळ ‘होय’ लिहून भागते, तोवर ती सूत्रे कागदावरच राहतात. कोठे शोधले, काय सापडले, ते का चालत नाही, हे विचारण्याची सवय शिक्षणानेच लागते.

तिसरा भाग प्राणिगृहाचा. ज्याने प्राणिगृहात पाऊल ठेवले नाही, त्याने प्राण्यांचे दप्तर सांभाळू नये. भारतीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उंदरांच्या खोलीचे तापमान अठरा ते एकोणतीस अंश सेल्सिअस, आर्द्रता तीस ते सत्तर टक्के, आणि ताशी बारा ते पंधरा वेळा हवापालट असावा लागतो. हे आकडे भिंतीवरच्या तक्त्यात असतात. परंतु हैदराबादच्या किंवा ग्वाल्हेरच्या मे महिन्यात रात्री वीज गेली असता त्या खोलीत काय घडते, हे तक्ता सांगत नाही. आत शिरताच नाकाला झोंबणारा अमोनियाचा दर्प आला तर पिंजऱ्यातले तूस वेळेवर बदललेले नाही, हे ओळखता आले पाहिजे. पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसलेला, केस विस्कटलेला, डोळ्यांभोवती तांबूस स्राव साचलेला उंदीर त्रासात आहे, हे वाचता आले पाहिजे. मुका प्राणी तक्रारअर्ज लिहीत नाही. त्याचा अर्ज त्याच्या अंगावर लिहिलेला असतो, आणि तो वाचण्याची लिपी शिकावी लागते. वजन किती घटले म्हणजे प्रयोग थांबवून प्राण्याला यातनामुक्त मरण द्यायचे, ही मर्यादा आधीच ठरवावी लागते. अनेक संस्था ती वीस टक्के धरतात. ती मर्यादा आली आहे, हे सांगणारा माणूस मात्र रोज पिंजऱ्यापाशी जाणारा असावा लागतो.

यावरूनच चौथा भाग निघतो, तो माणसांचा. प्राणिगृहातील सेवक सर्वांत आधी सर्व काही पाहतो आणि सर्वांत शेवटी बोलतो. मोठ्या प्राध्यापकाविरुद्ध शब्द काढला तर नोकरी जाईल, ही त्याची भीती निराधार नसते. ज्याच्याकडे तो निर्धास्तपणे जाऊ शकेल असा दप्तरदार असणे हे दहा नियमांहून मोलाचे आहे. तसेच बैठकीत समितीवरील सामान्य नागरिक बहुधा गप्प बसतो. शास्त्रीय शब्दांचा मारा झाला की त्याला आपल्या अज्ञानाची लाज वाटते. त्याने साध्या भाषेत विचारावे, आणि त्याला साध्या भाषेत उत्तर मिळावे, हे पाहणे सचिवाचे कर्तव्य होय. स्वतःच्याच अर्जावर विचार चालू असता त्या संशोधकाने निर्णयात भाग घेऊ नये, हे सौजन्य न दुखावता पण ठामपणे सांगणेही त्याच्याच वाट्याला येते. इतिवृत्तात केवळ ‘मंजूर’ असा शेरा नसावा. कोणी कोणती शंका काढली आणि तिचे निरसन कसे झाले, हे पाच वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळावे.

शिवाय हे शिक्षण एकदा घेऊन संपत नाही. उंदरांना कार्बन डायऑक्साइडने यातनामुक्त मरण देताना वायू किती वेगाने सोडावा, याविषयी अमेरिकेच्या पशुवैद्यक संघाने २०१३ साली पेटीच्या आकारमानाच्या दहा ते तीस टक्के दर मिनिटास असे प्रमाण सांगितले होते. २०२० च्या आवृत्तीत तेच प्रमाण तीस ते सत्तर टक्के झाले. जुन्या आवृत्तीवर विसंबणारा अधिकारी सद्हेतूनेच कालबाह्य पद्धतीला मान्यता देत राहील. म्हणूनच अमेरिकेत अशा प्रशासकांसाठी स्वतंत्र परीक्षा आहे, अनुभवाची अट आहे, आणि मिळालेले प्रमाणपत्र ठराविक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने तर प्रत्येक संस्थेत कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणि पात्रता पाहण्याची जबाबदारी नेमून देण्यास सांगितले. इंग्लंडमध्ये त्यासाठी वेगळा अधिकारी नावानिशी नेमला जातो.

भारतातही या कामाचा पाया घातला गेला आहे, आणि त्याचा मान हैदराबादकडे जातो. तेथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील प्रयोगशाळा-प्राणी केंद्राने प्राणिगृहातील तंत्रज्ञ आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यासक्रम चालवले. देशातील अनेक प्राणिगृहांत काम करणारी माणसे तेथे तयार झाली. पण तो अभ्यासक्रम पिंजऱ्याजवळच्या माणसाचा होता. मेजामागच्या माणसासाठी तितकीच शिस्तशीर वाट हवी. अनेक महाविद्यालयांतून हे काम एखाद्या प्राध्यापकावर शिकवण्याच्या ओझ्यावर आणखी एक ओझे म्हणून टाकले जाते. त्याला स्वतंत्र वेळ नसतो, मदतनीस नसतो, आणि आधीच्या सचिवाने ठेवलेली फाइल हेच त्याचे एकमेव पाठ्यपुस्तक असते. त्या फाइलीत चूक असेल तर तीही वारसाहक्काने पुढे जाते.

खर्चाचा प्रश्न निघेल. आठवडाभराचे शिक्षण, दोन-तीन संस्थांच्या प्राणिगृहांना भेट, वर्षातून एकदा उजळणी, आणि अनुभवी सचिवाच्या बैठकीत बसून शिकण्याची संधी, इतक्याने आरंभ होऊ शकतो. वडोदरा, इंदूर, बेळगाव, गोवा यांसारख्या ठिकाणी वैद्यकीय आणि औषधनिर्माण महाविद्यालये आहेत. शेजारच्या संस्थांनी एकत्र येऊन हे केले तर भार हलका होईल. एका फसलेल्या प्रयोगाच्या खर्चाशी तुलना केली तर तो खर्च कोणास जड वाटू नये.

प्राण्यांवर प्रयोग मुळीच होऊ नयेत, असे मानणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे, आणि अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या देशात त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. काळाची दिशाही काही अंशी त्यांच्या बाजूची आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास भारताने २०१४ साली बंदी घातली. नव्या औषधांच्या बाबतीत पेशीसंवर्धन, संगणकीय प्रतिमाने यांसारख्या पर्यायी पद्धतींना अमेरिकेने २०२२ साली आणि भारताने २०२३ साली कायद्यात जागा दिली. तथापि, तो दिवस उजाडेपर्यंत प्राणी पिंजऱ्यात आहेत, आणि पर्याय सिद्ध झाला असतानाही जुन्या सवयीने मागितलेला प्राणी वाचवण्याची पहिली संधी अर्ज वाचणाऱ्यालाच मिळते. प्रयोगांना विरोध करणारा आणि त्यांना आवश्यक मानणारा, या दोघांचेही हित त्या अधिकाऱ्याच्या सुशिक्षितपणात आहे.

परळच्या त्या संस्थेची वास्तू आजही उभी आहे. तेथील लसींनी किती जीव वाचवले, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या सशांवर ती पहिली लस पारखली गेली, त्यांची आठवण ठेवण्याचा मार्ग एकच आहे. यापुढे पिंजऱ्यात जाणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या नावे दप्तरात एक खरी ओळ असावी, ती लिहिणाऱ्याला तिचा अर्थ कळावा, आणि जेथे ती ओळ लिहिण्याजोगी नाही तेथे लेखणी थांबवण्याचे धैर्य त्याच्यापाशी असावे.